कामठा, शिंग आणि शल्य

धनुष्य हे शस्त्र युद्धातून केव्हाच बाद झाले, पण वैद्यकाच्या भाषेतून ते आजही गेलेले नाही. टिटॅनसला आपण धनुर्वात म्हणतो आणि आपला गुजराती शेजारी नुसतेच ‘धनूर’ म्हणतो. ताठरलेल्या स्नायूंमुळे रुग्णाची पाठ कमानीसारखी मागे वळलेली ज्याने एकदा पाहिली, त्याला या नावाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. सर्जरी म्हणजे शल्यचिकित्सा, आणि शल्य म्हणजे शरीरात रुतून पीडा देणारी वस्तू. तिच्यात पहिला मान बाणाच्या टोकाचा. विषविद्येचे पाश्चात्त्य नावही धनुष्यातूनच निघाले आहे. ग्रीक भाषेत टॉक्सॉन म्हणजे धनुष्य, बाणाला फासायचे विष ते टॉक्सिकॉन, आणि त्यावरून आपले टॉक्सिन व टॉक्सिकॉलॉजी. गणितातील साइनची कथा तर अधिकच गमतीची. आपल्याकडे धनुष्याच्या दोरीला ज्या किंवा जीवा म्हणत. तो शब्द अरबीत गेला, तेथे त्याचा उच्चार वस्त्राच्या चुणीला असणाऱ्या शब्दासारखा वाचला गेला आणि त्याचे लॅटिन भाषांतर झाले ‘सायनस’! नाकाशेजारची पोकळी आणि त्रिकोणमितीतील साइन अशी एका नावाची भावंडे ठरली.

सुरतेत राहून व्यवसाय करणाऱ्या आपणा मराठी डॉक्टरांना हा विषय दूरचा वाटू नये, याचे कारण शब्दांपेक्षा भूगोलात अधिक आहे. शहर सोडून उधना-जळगाव मार्गाने पूर्वेकडे निघाले की बारडोली, व्यारा, सोनगड ही गावे लागतात; तेथून पुढे एका बाजूला नवापूर-नंदुरबार आणि दुसऱ्या बाजूला डांगचे जंगल. २००७ मध्ये सुरत जिल्ह्यातून तापी जिल्हा वेगळा झाला, तरी त्या भागातील रुग्णाची वाट अजून सुरतेलाच येते. सोनगड हे नाव आपल्या लोकांना गायकवाडांमुळे ठाऊक असते. अठराव्या शतकात पिलाजीराव गायकवाडांनी तेथे आपले ठाणे बसविले आणि बडोद्याच्या राजघराण्याचा आरंभ त्या गडावरून झाला. पण गायकवाडांच्या आधीही तो मुलूख भिल्लांचा होता, आणि त्यांचे शस्त्र होते तिरकामठा. खानदेशातील मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. तीर म्हणजे बाण आणि कामठा म्हणजे वेळूचे धनुष्य.

येथे इतिहासातील एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. ज्या इंग्रजांच्या लांब लाकडी धनुष्याची जगभर ख्याती झाली, त्यांनी १५९५ मध्ये आपल्या सैन्यातून ते काढून त्या जागी बंदूक आणण्याचा हुकूम काढला. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी, १६०८ च्या ऑगस्टमध्ये, विल्यम हॉकिन्सचे ‘हेक्टर’ जहाज तापीच्या मुखाशी येऊन थांबले. म्हणजे इंग्रज येथे आले ते धनुष्य घरी टाकून; आणि येथे त्यांना जी माणसे भेटली त्यांनी ते पुढे दोन-अडीच शतके खाली ठेवले नाही. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली. १८५८ मध्ये सातपुड्यातील आंबापाणीच्या लढाईतही भिल्लांच्या हाती तीर-कामठे होतेच.

धनुष्य करावे कशाचे, याविषयी आपल्याकडे फार जुनी आणि नेमकी माहिती आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात ताड, वेळू, लाकूड आणि शिंग असे धनुष्याचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि दोरीसाठी मोरवेल, रुई, ताग, वेळू, स्नायू अशी यादी दिली आहे. यातील वेळूची दोरी हे वाचताना वाचक थबकतो. दोरी वळायला सूत लागते, वेळूची दोरी कशी होणार? पण भिल्लांच्या कामठ्याला आजही तीच असते. वेळूच्या सालीची एक लांब, चिवट पाती काढून ती तासत-तासत पातळ करावयाची आणि तिची दोन टोके बारीक दोरीच्या फासांनी कामठ्याच्या टोकांशी अडकवावयाची. तिला पीळ नसल्याने ती सुतासारखी ताणून सैल पडत नाही. तक्षशिलेच्या काळातील यादीतील एक ओळ सोनगडच्या पाड्यावर जिवंत असावी, हे मला कोणत्याही ताम्रपटापेक्षा कमी महत्त्वाचे वाटत नाही.

आपल्या जंगलात दोन प्रकारचे बांबू प्रामुख्याने आहेत. एक कळक, ज्याला इकडे कटस म्हणतात, तो जाड, पोकळ आणि काटेरी. दुसरा मानवेल, तो बारीक पण जवळजवळ भरीव. कामठ्याला लागतो तो भरीव, जाड भिंतीचा. बांबूचे बळकट तंतू बाहेरच्या सालीजवळ दाटलेले असतात, आतल्या अंगाला ते विरळ होत जातात; म्हणून तासणारा हात आतल्या बाजूने चालतो आणि बाहेरच्या सालीला शक्यतो हात लावीत नाही. बांबू तोडावयाचा तो पावसाळा सरल्यावर. वद्य पक्षात तोडावा अशी जुनी समजूत सर्वत्र आहे. पक्षाचे मला ठाऊक नाही, परंतु तोडलेल्या बांबूत पिष्ट कमी असले की त्याला भुंगा कमी लागतो, एवढे लाकूडशास्त्र सांगते.

लाकडाच्या धनुष्यासाठी मात्र आपल्याकडचे मानाचे झाड म्हणजे धामण. साप नव्हे, झाड. ग्रेविया टिलिफोलिया हे त्याचे शास्त्रीय नाव, आणि संस्कृतात त्याला धन्वन, म्हणजे धनुष्याचेच झाड म्हणत. चिवट, वाकवले तर परत सरळ होणारे, अवजारांच्या दांड्यांना पसंत केले जाणारे. इंग्रजांचे झाड यू. त्याच्या लाकडात निसर्गानेच दोन थर जोडून दिलेले असतात. बाहेरचे फिकट लाकूड ताण सोसते, आतला तांबूस गाभा दाब सोसतो, आणि खोडातून नेमका दोहोंच्या सीमेवरचा तुकडा काढला की धनुष्य निम्मे तयार झालेले असते. या यू वृक्षाची ओळख आपल्या व्यवसायाला निराळ्या कारणाने आहे. त्याच्या अमेरिकेतील भाऊबंदाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल मिळाले, युरोपातील झाडाच्या पानांतील द्रव्यापासून डोसेटॅक्सेल बनले. १९९२ च्या डिसेंबरात अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी पॅक्लिटॅक्सेलला मान्यता मिळाली. ज्या झाडाने कित्येक शतके माणसे मारली, त्याच्याच नातलगांच्या साली-पानांतील द्रव्य आज आपण ठिबक-ठिबक शिरेत सोडतो.

अस्थिरोगाचा व्यवसाय असल्यामुळे म्हणा किंवा हातांना रिकामे बसवत नाही म्हणून म्हणा, धामणीचे एक धनुष्य आपल्या देखरेखीखाली करवून घ्यावे ही इच्छा मला बरेच दिवस होती. शेताच्या बांधावर पडलेल्या एका धामणीचे सहा फुटांचे सरळ खोड मिळाले, एका सुतारमित्राने हात दिला आणि हे काम झाले. त्यातून मला लाकडाविषयी जे समजले ते हाडांविषयीही बरेच काही सांगून गेले, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पहिला नियम असा की खोड करवतीने कापावयाचे नाही, पाचरी मारून फोडावयाचे. करवत आपल्या रेषेने जाते, फाट लाकडाच्या रेषेने जाते. ज्या तंतूंवर पुढे सगळा ताण येणार, ते मध्येच तुटलेले असता कामा नयेत. फोडलेल्या फळीच्या दोन्ही टोकांना मेण लावून ती सावलीत, वाऱ्यावर, वर्षभर तरी ठेवावयाची. टोके उघडी राहिली तर तेथून पाणी आधी उडते आणि चिरा पडतात. सुरतेच्या पावसाळी हवेत वाळलेले लाकूडही पुन्हा ओल धरते, त्यामुळे घडणीचे काम दिवाळीनंतर आणि फाल्गुनाच्या आत उरकणे बरे.

मग बाहेरचा, म्हणजे नेम धरणाऱ्यापासून दूर असणारा पृष्ठभाग ठरवावयाचा. त्यावर झाडाचे एकच वार्षिक वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राहिले पाहिजे. वाकस आणि रंधा त्या बाजूला चालत नाहीत. तेथे खरवडणीने, नखाएवढे बारीक काढावयाचे. आतल्या बाजूने मात्र तासावयाचे ते मोकळेपणाने. मध्ये मूठ जाड, आणि दोन्ही बाहू टोकाकडे निमुळते. मुठीला संस्कृतात लस्तक असे स्वतंत्र नाव आहे, टोकाला अटनी किंवा कोटी आहे, आणि दोरीच्या फटक्यापासून मनगट वाचविणाऱ्या कातड्याला गोधा. ज्या भाषेत इतक्या भागांना नावे असतात, त्या भाषेत ती वस्तू करणाऱ्यांचे शब्द विद्वानांच्या कोशापर्यंत पोचलेले असतात.

सर्वांत अवघड टप्पा तोल साधण्याचा. भिंतीला एक उभी फळी ठोकून तिच्यावर धनुष्य आडवे टेकवावयाचे, दोरी कप्पीवरून घेऊन दूर उभे राहून हळूहळू ओढावयाची आणि दोन्ही बाहू सारखे वाकतात की नाही ते पाहावयाचे. जो भाग वाकत नाही तेथून आतल्या बाजूने थोडे खरवडावयाचे. जो जास्त वाकतो त्याला स्पर्शही करावयाचा नाही. प्रत्येक खरवडणीनंतर तीस-चाळीस वेळा अर्धे ओढून सोडावयाचे, म्हणजे लाकडाला नव्या आकाराची सवय होते आणि केलेला बदल डोळ्यांना दिसतो. आणि ठरविलेल्या वजनापेक्षा अधिक जोराने ते एकदाही ओढावयाचे नाही. आपण ज्याला क्रमाक्रमाने भार देणे म्हणतो, अस्थिभंगानंतर रुग्णाला आधी पाय टेकवू देतो, मग अर्धे वजन, मग पूर्ण, त्याचीच ही लाकडी आवृत्ती.

वाकलेल्या दांडीत बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते, हे आपल्याला पहिल्या वर्षापासून ठाऊक असते. पण हाड आणि लाकूड येथे एकमेकांच्या उलट वागतात. हाड दाब अधिक सोसते, ताणाने आधी तडकते. म्हणून लहान मुलाच्या हाताची ओली काडी मोडते तेव्हा ताणाची बाजू फाटते आणि दाबाची बाजू नुसती वाकून राहते. वाळलेले लाकूड ताण जास्त सोसते, दाबाने आधी हार खाते. चुकीच्या ठिकाणी अति वाकलेल्या धनुष्याच्या आतल्या अंगावर, सुरकुतीसारख्या केसाएवढ्या आडव्या रेषा दिसू लागतात. त्या म्हणजे तंतूंचे दाबाने झालेले सूक्ष्म अस्थिभंगच. एकदा उमटल्या की त्या जात नाहीत. आणि दोरी काढल्यावरही धनुष्य थोडे वाकलेलेच राहते, तो प्रकार तर प्रत्येक अस्थिरोगतज्ज्ञाने एखाद्या मुलाच्या अल्ना हाडात पाहिलेला असतो. क्ष-किरणात भंगाची रेषा नाही, पण हाड कमानदार झालेले.

आता शिंगाविषयी. इंग्रजी धनुष्याच्या दोन्ही टोकांना शिंगाची टोपणे बसविलेली असत, आणि अनेकांना ती शोभेची वाटतात. तशी ती नाहीत. यूचे लाकूड मऊ असते. ताणलेली तागाची दोरी त्यात खाच पाडून हळूहळू टोक चिरत जाते. शिंग मऊ लाकडावर कठीण टोपी घालते. धामण कठीण असल्याने तिला शिंगाची फारशी गरज नाही, वेळूला तर कोरलेला खांदाच पुरतो, आणि म्हणूनच आपल्या जंगलातील कामठ्याला शिंग नसते. तरीही मी शिंग बसविण्याचा हट्ट केला, तो सुरती म्हशीसाठी. आपल्या भागाचे नाव देशभर नेणारी ही म्हैस. तिची शिंगे चपटी आणि कोयत्यासारखी वळलेली. शिंगाच्या आत हाडाचा गाभा असतो आणि त्यावर केराटिनचे आवरण, म्हणजे आपल्या नखाचेच द्रव्य. शेंड्याकडचा दोन-तीन इंचांचा भाग मात्र आतून भरीव असतो, आणि धनुष्याला हवा असतो तोच. तेथून कापून बुडाशी निमुळते भोक पाडावयाचे, धनुष्याचे टोक पेन्सिलीसारखे तासून त्यात घट्ट बसेल असे करावयाचे, सरसाने चिकटवावयाचे, मग कानशीने दोरीची खाच कोरावयाची आणि सांबराच्या कातड्याने घोटून चकाकी आणावयाची. कानस चालू झाली की जळलेल्या केसांचा वास खोलीभर पसरतो. शिंगाची धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडावर पट्टी अवश्य बांधावी; जनावरांच्या केसा-शिंगांच्या कामगारांना ॲन्थ्रॅक्स होत असे, हे आपण पुस्तकात वाचलेले आहेच.

शिंग टिकते असे वाटते, पण ते लाकडाइतके टिकत नाही. ‘मेरी रोझ’ हे इंग्रज राजाचे युद्धनौकेतील लाडके जहाज १५४५ मध्ये बुडाले आणि १९८२ मध्ये समुद्रातून वर काढले गेले. त्यात शंभरांहून अधिक अखंड धनुष्ये मिळाली, सहा फुटांहून लांब, काही सात फुटांच्या जवळ. लाकूड साडेचारशे वर्षे गाळात राहून शाबूत होते. टोकांवरचे शिंग जवळजवळ सगळे जिवाणूंनी खाऊन टाकले होते. ते जेथे बसविलेले होते तेथे लाकडावर फिकट डाग तेवढा राहिला होता.

शिंगाचे नुसते टोकच नव्हे तर संपूर्ण धनुष्य करण्याची आपली परंपरा वेगळी आहे. आतल्या बाजूला म्हशीचे शिंग, मध्ये लाकडाचा पातळ कणा आणि बाहेर सरसात बुडवून बसविलेले स्नायूंचे तंतू. शिंग दाब सोसते, स्नायू ताण सोसतात. मोगल आणि मराठे घोडेस्वारांच्या कमानी अशाच असत. विष्णूच्या धनुष्याचे नाव शार्ङ्ग, म्हणजे शृंगाचे, शिंगाचे. ते धारण करणारा तो शार्ङ्गधर, आणि नाडीपरीक्षेचे वर्णन करणाऱ्या आपल्या जुन्या वैद्यकग्रंथकाराचेही नाव तेच. ही जोडकमान दमट हवेत सरस सुटून निकामी होते. जंगलात, भर पावसात, वेळूचा साधा कामठाच कामाचा.

धनुष्याने हातावर आणि खांद्यावर उमटविलेल्या खुणांचेही एक वैद्यक आहे. मोगल तिरंदाज अंगठ्याने दोरी ओढत आणि त्यासाठी यशबाची अंगठी घालत. युरोपी तिरंदाज पहिल्या तीन बोटांनी ओढतात, अंगठा मोकळाच राहतो. एकलव्याची कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. अंगठा दिल्यावर तो बोटांनी दोरी ओढू लागला, पण पूर्वीसारखी शीघ्रता उरली नाही, असे महाभारतात स्पष्ट लिहिले आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पाहणीची इतकी प्रामाणिक नोंद महाकाव्यात सापडावी हे विशेष. भिल्ल अंगठा न लावता बाण सोडतो तो एकलव्याच्या स्मरणार्थ, असे सांगितले जाते. श्रद्धा म्हणून ते सुंदर आहे, आणि अंगठ्याविनाही धनुष्य उत्तम चालते हे इंग्रजांनी सिद्ध केलेच आहे. मेरी रोझवरील सांगाड्यांत खांद्याच्या ॲक्रोमियन हाडाचे टोक मुख्य हाडाशी न जुळलेले असण्याचे प्रमाण नेहमीपेक्षा बरेच अधिक आढळले. हाड पक्के होण्याच्या वयापूर्वीपासून, वर्षानुवर्षे, पंचेचाळीस किलो आणि त्याहूनही अधिक ओढीची धनुष्ये ताणण्याची ती किंमत असावी, असे अभ्यासकांनी मांडले आहे.

आणि शेवटी जखम. आपल्या देशातील लांब धनुष्याचे एक जुने परदेशी वर्णन एरियनने केले आहे. माणसाच्या उंचीएवढे धनुष्य, एक टोक जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून धरलेले, जवळजवळ तीन हातांचा बाण, आणि त्यापुढे ना ढाल टिकते ना चिलखत. अशाच एका बाणाने मल्लांच्या, म्हणजे मालवांच्या गढीत अलेक्झांडरच्या छातीचा वेध घेतला. जखमेतून रक्ताबरोबर हवाही बाहेर येत होती, असे एरियन लिहितो. छातीत हवा शिरल्याचे याहून जुने निदान मला माहीत नाही. प्लुटार्कने पात्याचे माप दिले आहे, तीन बोटे रुंद आणि चार बोटे लांब. कॉस बेटाच्या क्रिटोडेमस वैद्याने जखम रुंद करून ते काढले, असे एक मत; वैद्य जवळ नव्हता म्हणून पर्डिक्कस या सरदाराने स्वतःच्या तलवारीने छेद दिला, असे दुसरे. रोगी वाचला.

सुश्रुताने हा विषय ज्या पद्धतीने मांडला आहे ती पाहिली की मान लवते. शल्य दिसत नसेल तर ते कोठे आहे हे शोधण्यासाठी संशयित जागी तूप किंवा ओला लेप लावावा. जेथे तूप लवकर वितळेल, लेप लवकर वाळेल, तेथे आत दाह आहे असे समजावे. शल्य आल्या वाटेने मागे ओढावे की पुढे ढकलून पलीकडून काढावे, याचा विचार आधी करावा. लोखंडाचे असेल, काटेरी नसेल आणि जखमेचे तोंड मोठे असेल तर लोहचुंबक वापरावा. हाडात रुतले असेल आणि हाताने निघत नसेल तर ते धनुष्याच्या दोरीने बांधून दुसरे टोक घोड्याच्या लगामाला बांधावे आणि घोड्याला चाबूक मारावा, म्हणजे तो मान झटक्याने वर करील. किंवा झाडाची मजबूत फांदी वाकवून तिला बांधून सोडून द्यावी. ज्या लवचिकतेने बाण आत घातला, तीच तो बाहेर काढावयास कामी लावलेली. भूल नसलेल्या काळातील हे उपाय वाचून आजच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हसू येते. त्यांनी रुतलेला दांडा न हलविता रुग्णाला थिएटरपर्यंत आणावयाचा नियम तेवढा लक्षात ठेवला तरी पुरे.

इंग्लंडातील असेच एक प्रकरण १४०३ चे. श्रूजबरीच्या लढाईत सोळा वर्षांच्या राजपुत्राच्या नाकाशेजारी बाण शिरला. दांडा निघून आला, पाते सहा इंच आत कवटीच्या मागच्या हाडात राहिले. जॉन ब्रॅडमोर या शल्यविशारदाने वाळलेल्या एल्डर झाडाच्या गराच्या कांड्या कापडात गुंडाळून, गुलाबाच्या मधात भिजवून, क्रमाने जाड करीत जखम रुंद केली. मग या एका रुग्णासाठी स्क्रू असलेला चिमटा घडविला, त्याने पात्याची पोकळी आतून पकडली आणि ते सैल करून ओढून काढले. जखम पांढऱ्या वाइनने धुतली आणि पुढे वीस दिवस कांड्या लहान करीत ती तळापासून भरू दिली. सगळा वेळ त्याला भीती एकच होती, आचके येण्याची. म्हणून तो रुग्णाच्या मानेला रोज मलम चोळीत असे. मलमाने धनुर्वात टळला नसेल, पण धुणे आणि उघडी ठेवलेली जखम यांनी टळला असण्याची शक्यता आहे. हाच मुलगा पुढे पाचवा हेन्री झाला आणि १४१५ मध्ये अजिंकूरच्या मैदानावर लांब धनुष्यांच्या बळावरच जिंकला. आपल्याकडे माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले ते २०१५ मध्ये.

आजचा कामठा शिकारीचा राहिलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, जनावरेही उरली नाहीत. होळीपूर्वी आहव्याला भरणाऱ्या डांग दरबारात राजांना सालियाना मिळतो तेव्हा, किंवा ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत तिरकामठे दिसतात. ते करणारे हात मात्र ऑक्टोबरपासून कोयता घेऊन बारडोली, चलथाण, मढी, सायणच्या साखर कारखान्यांच्या फडांत ऊस तोडीत असतात.

अशाच एका कोयतेवाल्या कुटुंबातील चोविसेक वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला, तो खुब्याच्या दुखण्याने. सिकलसेल आणि त्यामुळे मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटलेला, दोन्ही बाजूंचा. आपल्या भागात ही गोष्ट नवी नाही. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून दक्षिण गुजरातेतील डॉक्टर हे पाहत आले आहेत. हायड्रॉक्सीयुरिया सुरू केले, कुबडी दिली, सांधा बदलण्याचा विचार शक्य तितका लांबवावा असे ठरले. ऊसतोड संपली. बरोबर आलेला बाप कामठे करणारा निघाला. मी त्याला माझे धामणीचे धनुष्य दाखविले, तेव्हा शिंगाची टोके त्याने बोटाने चाचपली आणि म्हणाला, “साहेब, ही टोपी कशाला? टोक जड झाले, तीर सुस्त जाईल.” ते खरे आहे. टोकावरचे ग्रॅमभर वजन बाणाच्या वेगातून वजा होते, म्हणून चांगली टोपणे आतून-बाहेरून शक्य तितकी बारीक घासतात. माझी जाड होती.

मुलाला हे काम शिकवत का नाही, असे मी विचारले. बापाने जमिनीवर बसून दाखविले. कामठा तासणारा उकिडवा बसतो, बांबूचे एक टोक पायाच्या बोटांत धरतो आणि विळा आपल्याकडे ओढतो. मुलाला उकिडवे बसताच येत नव्हते; खुब्याचे वळणे निम्म्यावर आले होते. म्हणजे त्याच्या आजाराने ऊस तर नेलाच, बापाची विद्याही नेली होती, आणि या दुसऱ्या नुकसानीची नोंद माझ्या केसपेपरवर कोठेच नव्हती.

सुतारमित्राने एक बाक केला. उंच स्टुलावर बसणाऱ्याच्या कमरेएवढा, पुढच्या कडेला बांबू धरणारा लाकडी जबडा, आणि जबडा आवळण्यासाठी पायाने दाबावयाची पट्टी. जुन्या युरोपी गाडीवानांच्या सुतारकामात असा बाक असे. पाय लांब, खुबा साठ अंशांपलीकडे वळत नाही. पहिल्या दिवशी बापाला तो मुळीच आवडला नाही. पायाच्या बोटांना बांबूचा तणाव कळतो, जबड्याला कळत नाही, हा त्याचा आक्षेप होता आणि तो अगदी रास्त होता. मग मुलानेच युक्ती काढली. जबडा सैल ठेवून बांबू डाव्या पंजात धरावयाचा आणि जबड्याचा केवळ टेका घ्यावयाचा. पहिले दोन कामठे एका बाहूने जास्त वाकणारे निघाले. बापाने ते चुलीत घातले. तिसरा त्याने ठेवून घेतला. मागील तपासणीच्या वेळी मुलाने मला चौथा आणून दाखविला. वेळूची दोरी, बोरूचे दोन तीर, आणि टोकांना शिंग नाही. विकणार का, असे विचारता सापुताऱ्याच्या दुकानदाराने दोन डझन मागितले आहेत, पण ते पर्यटकांसाठी हलके करावे लागतील, असे तो म्हणाला; खरे कामठे महिन्याला दोनच होतात. हिमोग्लोबिन ९.२ होते. खुब्याचे पुढचे एमआरआय मार्चमध्ये ठरले आहे.